मशेरीने डीएनए बिघडतो म्हणतात, मग तो बिघाड नातवंडांपर्यंत येतो का?

सातवा_महिना
नमस्कार मंडळी. बाळंतपणाला माहेरी आलेय. माझी आजी (आईची आई) पण इथेच असते आणि ती कित्येक वर्षं मशेरी लावते, दिवसातून तीन-चारदा. तंबाखू घरातच तव्यावर काळी होईपर्यंत भाजते, सगळ्यांना ठसका. परवा भावाच्या बारावीच्या पुस्तकात म्युटाजेन वाचलं, केमिकलमुळे जनुकात बदल वगैरे, तेव्हापासून डोक्यात भुंगा सुरू आहे. आजीच्या डीएनएत काही बदललं असेल तर ते आई, मी आणि आता पोटातलं बाळ असं खाली आलं असेल का? आणि केमिकल आत जाऊन करतं तरी काय नक्की? प्लीज घाबरवू नका, ते काम गूगलने केलंय.

खवचट_काका
आमची आजी ९२ वर्षं जगली, मशेरीची डबी उशाशी. काय झालं नाही तिला. तुम्ही पोरं वाचता फार.

पेट्रीडिश
काका, सिग्नल तोडणारा प्रत्येक जण गाडीखाली येत नाही, म्हणून सिग्नल काढून टाकत नाहीत ना. असो.

ताई, तंबाखू भाजली की अर्धवट जळण्यातून जी रसायनं तयार होतात त्यातलं एक बेंझोपायरीन. सिगरेटच्या धुरात, चुलीच्या धुरात, कोळशाच्या डांबरात पण हेच असतं. गंमत अशी की ते स्वतः डीएनएला काहीच करत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपलं शरीर त्याला ऑक्सिजन जोडून बाहेर काढायला बघतं आणि या खटपटीत मधेच एक असं रूप तयार होतं जे जाऊन डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी जीला चिकटून बसतं. मग पेशीचं विभाजन होताना कॉपी करणारं एन्झाइम तिथे अडखळतं, जीसमोर सी ठेवायचा तिथे ए ठेवून पुढे सटकतं, पुढच्या कॉपीत त्या एसमोर टी येतो, झालं, जीचा टी झाला तो कायमचा. चिकटलेला तुकडा कापून काढणारी रिपेअरची सोय पेशीत असते आणि बहुतेक वेळा ती काम करते, पण तिच्याआधी कॉपी झाली तर संपलं. १९९६ साली बघितलं गेलं की हे रूप पी५३ नावाच्या, कॅन्सरला आवर घालणाऱ्या जनुकावर ज्या ठिकाणी जास्त चिकटतं, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये नेमक्या त्याच ठिकाणी बिघाड जास्त सापडतो.

केमिकलने म्युटेशन म्हणजे जनुकात बदल होतो का ते बघायची, एम्स नावाच्या शास्त्रज्ञाची टेस्ट म्हणून प्रकार आहे, आम्ही एमएस्सीला केली होती. हिस्टिडीन (वाढायला लागणारं एक अमिनो आम्ल) बनवता न येणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे, हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या प्लेटवर केमिकलसोबत टाकायचे, ज्यांच्यात म्युटेशन होऊन ती क्षमता परत येते तेच वाढतात. नुसतं बेंझोपायरीन टाकलं तर काही विशेष नाही. त्यात उंदराच्या यकृताचा अर्क घातला की प्लेटभर कॉलन्या! शरीरच विष तयार करतं हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

आता तुमचा खरा प्रश्न. सिगरेटचं मोजमाप २०१६ ला झालं, रोज एक पाकीट ओढलं तर वर्षाला फुप्फुसाच्या एकेका पेशीत सरासरी १५० म्युटेशन, तोंडाच्या पेशीत २३. पण गालातली पेशी गालातच राहते, ती नातवंडांना मिळत नाही. खाली जातं ते फक्त बीजांडातलं नाहीतर शुक्राणूतलं. तसं तर प्रत्येक बाळात काही न करताही ६०-७० नवीन म्युटेशन असतातच आणि त्यातल्या बऱ्याचशा बापाकडून येतात. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या मुलांमध्येही आनुवंशिक बिघाड वाढल्याचं स्पष्ट दिसलेलं नाही.

फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा. बाईची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे ज्या बीजांडातून तुम्ही झालात ते तुमची आई आजीच्या पोटात असताना तयार झालेलं. त्या नऊ महिन्यांत आजी मशेरी लावत होती का, एवढंच विचारण्यासारखं आहे, आणि हो आलं तरी त्यावरून तुमच्या बाळाबद्दल काही ठरत नाही.

दाढदुखी
मी डेंटिस्ट. जनुकाची काळजी जरा बाजूला ठेवा, आत्ता तवा घराबाहेर काढा. सातव्या महिन्यात तुम्ही तो धूर घेताय. मुंबईत गरोदर बायकांवर केलेल्या आणि २००४ साली आलेल्या अभ्यासात मशेरीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं होतं. तुम्ही वापरत नाही हे कळतंय, पण धूर कशाला घ्यायचा. आणि आजींना आरसा देऊन गालाच्या आतून, जिभेखाली पांढरा-लाल चट्टा दिसतो का बघायला सांगा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर लगेच दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आज्यांनी दाढ दुखते म्हणूनच मशेरी धरलेली असते.

खवचट_काका
आमच्या आजीचे दात चाळिशीतच गेले होते म्हणा.

सातवा_महिना
थँक्यू सगळ्यांना. तवा परसात गेला, आजी रुसली, आईने भाजणीची थालीपीठं लावून मनवली 😄 विचारलं तिला. म्हणाली मशेरी धरली ती मामाच्या जन्मानंतर, दाढ ठणकायची तेव्हा शेजारणीने दिली होती. आई मामापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणजे माझं बीजांड सुटलं. मी खूश होऊन तिला हे सगळं समजावलं तर म्हणे, "अगो पण चूल होतीच की, तुझी आई पोटात होती तेव्हा मी रोज वीस माणसांच्या भाकऱ्या थापत होते."

@पेट्रीडिश आता काय?