मदत हवी आहे: आटपाडीकडे वादळी पाऊस येतोय, ४८ तासांत वस्तीवर काय काय उरकावं?

माणगंगेकाठची:

बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणा-कर्नाटकावरून आपल्या बाजूला सरकतंय. सांगली जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आहे. टँकर, चारा छावणी, टंचाईचे अर्ज हे आमच्या भागाला तोंडपाठ, पण वादळाची तयारी कुणालाच माहीत नाही. जो तो पत्र्यावर दगड चढवत सुटलाय.

वस्तीवर काय आहे ते सांगते. जुनं माळवद (मातीच्या सपाट छताचं घर), दोन खोल्या, त्यात सासू-सासरे झोपतात. बाजूला सिमेंटची एक खोली. २० × ३० फुटांचं पत्र्याचं शेड, तीन बाजू उघड्या, त्यात दोन जर्सी गाई, एक खिलार खोंड आणि बारा शेळ्या. दोन एकर डाळिंब, मृग बहार. प्लास्टिक कागदाचं शेततळं अर्धं भरलेलं. विहीर ओढ्याच्या कडेला, स्टार्टरची पेटी तिथेच. आधी काय करावं आणि काय सोडून द्यावं?

कोरडवाहू:

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. असं क्षेत्र आपल्यापर्यंत येईतो त्याचा वारा बराच मोडलेला असतो, पाणी मात्र तेवढंच असतं. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं क्षेत्र आठवा. ते चक्रीवादळ कधी झालंच नव्हतं, तरी सोलापूर, पंढरपूर, सांगली पाण्यात गेली. म्हणून पत्रा दुसऱ्या नंबरावर, पाणी पहिल्या.

हिशेब तुमच्याच भाषेत मांडतो. १०० मिमी पाऊस म्हणजे एका एकरावर चार लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर चाळीस. तुमच्या दोन एकरांत एका रात्रीत ऐंशी टँकर रिकामे होणार. आणि आपल्या दुष्काळी पट्ट्यातला प्रत्येक बांध पाणी अडवायला घातलेला असतो, सोडायला नाही. पाणी बांधाच्या सगळ्यात खचलेल्या जागी चढतं, तिथून बांध फोडतं आणि वाफ्यातली माती घेऊन जातं.

तेव्हा आज उजेडी बांधावरून चालत जा आणि पाणी कुठून बाहेर काढायचं ते तुम्हीच ठरवा. कठीण मुरूम असेल असा कोपरा बघा. तिथे बांधाच्या माथ्यापासून फूटभर खाली, तीन-चार फूट रुंद सांडवा काढा. तळाला आणि पलीकडच्या उतारावर हाताच्या पंजाएवढे दगड दाबून बसवा. नुसती माती उकरून ठेवली तर दोन तासांत त्या सांडव्याची घळ होते. डाळिंबाच्या ओळींमधल्या चरांची तोंडं मोकळी करा, ठिबकसाठी चारचाकी नेताना ती हमखास बुजलेली असतात.

खालच्या शेतकऱ्याला मात्र आधी सांगा. न सांगता काढलेल्या सांडव्यावरून पुढची दहा वर्षं बोलणं बंद होतं.

गवंडीकाम:

बांधाच्याही आधी माळवद. सासू-सासऱ्यांना आजच सिमेंटच्या खोलीत हलवा. उद्या नाही.

१२ × १० च्या खोलीवर फूटभर मातीचा थर धरला तर कोरडी असतानाच साडेपाच टनांच्या आसपास वजन होतं. भिजली की वर जवळजवळ टनभर चढतं, आणि खाली तुळई जुनी, टोकं भिंतीत कुजलेली. जमलं तर सळई घेऊन तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोचून बघा. सळई बोटभर आत गेली तर त्या खोलीत भांडीसुद्धा ठेवू नका.

दुसरं म्हणजे माळवद पाऊस उघडल्यावरही पडतं. भिंत खालून चिखल झालेली असते, ऊन लागलं की चिरते आणि बसते. 'आता थांबला पाऊस' म्हणून माणसं आत जातात तेव्हाच घात होतो. उघडल्यावर निदान दोन दिवस कुणी आत झोपायचं नाही.

वर करायचं एवढंच: पन्हळी साफ करा, उंदरांची बिळं पांढऱ्या मातीने ठोकून बुजवा, ताडपत्री घाला. तिच्या कड्यांना दोरी बांधू नका, वाऱ्यात कडी कागद फाडून बाहेर येते. कोपऱ्यात लिंबाएवढा गोटा घालून ताडपत्री त्याच्याभोवती मुरगळा आणि त्या गाठीच्या मानेला दोरी आवळा. ताडपत्रीची कड भिंतीच्या बाहेर हातभर लोंबू द्या, नाहीतर सगळं पाणी भिंतीतच मुरतं.

माणगंगेकाठची:

आजच हलवते. पत्र्यावरचे दगड तरी ठेवू ना?

गवंडीकाम:

दगड उतरवा. वारा पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो. ताशी ६० किमी वाऱ्यात १० × ३ च्या एका पत्र्यावर साधारण ४५ किलोची ओढ बसते, पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-तेरा किलो. वारा दीडपट झाला की ओढ सव्वादोन पट होते. उघड्या शेडमध्ये वारा खालूनही शिरतो, म्हणजे त्याहून जास्तच. अशा वेळी दहा किलोचा दगड पत्रा धरून ठेवत नाही, पत्र्याबरोबर उडतो आणि गाईच्या पाठीत बसतो.

पत्रा धरतात ते 'J' बोल्ट (आकड्यासारखे वाकलेले) आणि स्क्रू. आपल्याकडच्या उन्हात त्यांचे रबरी वायसर दोन-तीन वर्षांत तडकतात, मग पत्रा थडथडतो, भोक लांबोळं होतं आणि एका झोतात बोल्टच्या डोक्यावरून पत्रा सुटतो. पत्रा पहिल्यांदा सुटतो तो कडेला आणि कोपऱ्यात, मध्ये नाही. वेळ कमी आहे, तेव्हा फक्त चारी कडांच्या ओळी बघा. कडेला दर दुसऱ्या उंचवट्यावर एक बोल्ट हवा. नवा वायसर, त्यावर रुंद लोखंडी चकती. स्क्रू उंचवट्यावर मारा, पन्हळीत मारला तर गळणार. जिथे खिळेच आहेत तिथे त्यांच्या भरवशावर राहू नका.

एवढंही जमलं नाही तर १२ मिमीची नायलॉन दोरी शेडवरून आडवी टाका, दर सहा फुटांवर एक. दोन्ही टोकं जमिनीत दोन फूट ठोकलेल्या लोखंडी मेखांना बांधा. मेख शेडपासून लांब झुकलेली हवी, शेडकडे झुकवली तर उपटून येते. पत्र्याची कड दोरी कापते, तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला.

डीपीवाला:

स्टार्टरची पेटी ओढ्यालगत आहे म्हणता. ऑटो बंद करा, हे सगळ्यात आधी. रात्री लाईट गेली, पेटीत पाणी शिरलं आणि पहाटे लाईट आली, तर ऑटोवरची मोटर आपोआप चालू होते. मोटर तर जळतेच, पण ओल्या पेटीला हात लावणारा माणूसही जातो.

मेन स्विच बंद करून किटकॅट (फ्यूज) काढा आणि घरी आणून ठेवा. पेटी सुटी होत असेल तर सोडवून वर न्या. वायरींची टोकं टेपने गुंडाळून खांबावर उंच बांधा, कुठली कुठे होती त्याचा आधी मोबाईलवर फोटो घ्या. पाण्यातली मोटर बुडाली तरी चालते, ती तशीच असते. वर बसवलेली मोनोब्लॉक मोटर बुडाली असेल तर उन्हात सुकवून लगेच चालू करायची नाही, मिस्त्रीकडून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासल्यावरच.

तार तुटून पडलेली दिसली तर लाईट नाही असं धरून चालू नका. महावितरणचा १९१२ कागदावर लिहून भिंतीला लावा, मोबाईल बंद पडल्यावर नंबर आठवत नाही.

माणगंगेकाठची:

शेततळं रिकामं करू का? फुटायची भीती सगळे घालतायत.

कोरडवाहू:

अजिबात नको. तुमचं तळं मोटरने भरायचं, चारी बाजूंनी भराव आहे, तेव्हा बाहेरचं पाणी आत येतच नाही. १०० मिमी पावसाने पातळी जेमतेम चार-पाच इंच वाढेल. काठापासून दीड फूट रिकामं असलं की भागलं. रिकाम्या तळ्यात वारा कागदाखाली शिरतो आणि फुगवून फाडतो. आतलं पाणी हेच कागदाचं वजन आहे. बघायचं ते बाहेरून: भरावाच्या पायथ्याशी पाणी साचू नये म्हणून चर काढा, आणि काठावर कागद गाडलेली चारी उघडी पडली असेल तर माती दाबा.

भगवा:

डाळिंबाचं सांगतो. पाऊस येणार म्हणून लोक चार दिवस आधीपासून ठिबक बंद ठेवतात, तिथेच चुकतं. कोरड्या मुळीला एकदम पाणी मिळालं की दाणा फुगतो, साल ताणत नाही आणि फळ तडकतं. रोजचं पाणी पाऊस सुरू होईपर्यंत चालू ठेवा, मग बंद.

लोंबत्या फांद्यांना बांबूचा आधार द्या, सुतळी सैल बांधा. रंग भरलेली, काढायला आलेली फळं उद्या दुपारपर्यंत कोरड्यात काढा. पावसाच्या तोंडावर फवारणी करू नका, धुऊन जाते. पाऊस उघडून पानं सुकली की कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) घालून. तेल्या (फळावर तेलकट डाग पाडणारा रोग) पाण्याच्या उडत्या थेंबांतून पसरतो, म्हणून तडकलेली आणि डागाळलेली फळं बागेबाहेर नेऊन पुरा, बांधावर ढीग नको. झाडाच्या बुडाशी पाणी एका दिवसावर उभं राहू देऊ नका, मर (झाड वाळवणारा रोग) तिथूनच लागते.

ज्यांची द्राक्षं आहेत त्यांनी छाटणी आठवडाभर पुढे ढकलावी. कोवळ्या फुटीवर असा पाऊस म्हणजे डाऊनी रोगाला आमंत्रण.

धनगरवाडा:

जनावरं चिंचेखाली बांधू नका, फांदी आणि वीज दोन्हींचा धोका. शेडचे बोल्ट धड नसतील तर पाणी न साचणारी मोकळी जागा बरी. दावं लांब ठेवा आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारा. शेळ्या ओल्यात उभ्या राहिल्या की खूर कुजतात, त्यांना दगड-फळीचा ओटा करा. गाईला दिवसाला पाच-सहा किलो कडबा धरून तीन दिवसांचा आत घ्या. कडब्याची गंज झाकली तरी खालचा थर ओल धरतो, तेवढा वेगळा काढा. बुरशी धरलेला कडबा गाभण गाईला घालू नका. विजेसाठी मोबाईलवर दामिनी ॲप आहे, आजच टाकून ठेवा.

आणि ओढा. आपला ओढा कोरडा दिसतो म्हणून फसवतो. इथे थेंब नसला तरी वर डोंगरात पडलेलं पाणी तासाभरात खाली येतं. ओढ्यावरच्या फरशीवरून (बुटक्या पुलावरून) गुडघाभर पाण्यात गाडी घालायची नाही, फरशी आहे की वाहून गेली ते गढूळ पाण्यात दिसत नाही.

माणगंगेकाठची:

सगळं लिहून घेतलं, उद्या सकाळी पहिला सांडवा. शेवटचं एक: विहिरीत ओढ्याचं पाणी शिरलं तर पिण्याचं काय?

कोरडवाहू:

आजच २०० लिटरची दोन पिंपं भरून झाका, तीन दिवस तेवढ्यावर निघतील. गढूळ पाणी खाली बसल्यावर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका, हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर वीस फूट व्यासाची आणि पाणी सोळा फूट असेल तर साधारण १ लाख ४२ हजार लिटर होतं, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. पावडर थेट ओतू नका. बादलीत कालवा, चुना दहा मिनिटं खाली बसू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने पाण्यात खालवर हलवा. तासाभराने पाणी काढा. क्लोरीनचा वास अजिबात येत नसेल तर तेवढाच डोस पुन्हा द्या. पिण्याचं तरीही उकळूनच. पावडरीची पिशवी जुनी, उघडी असेल तर नवी आणा, हवेने तिचा जोर जातो.