पट्टेरी की पट्टेदार?

शेंगाचटणी:
काल चाटी गल्लीत चादर घ्यायला गेलतो, दुकानदार म्हणला पट्टेदार दाखवू का, तर आमची पोरगी लगेच "पट्टेदार नाही ओ काका, पट्टेरी, वाघ असतो ना तसं". तो हसला, मी पण हसलो, पण रात्रभर डोक्यात किडा. दोन्हीत फरक काय? आणि पट्टी, पट्टा, पट्टेवाला शिपाई हे सगळं एकाच घरातलं का?

मागावरचा:
एकाच घरातलं. मूळ संस्कृत 'पट्ट', म्हणजे कापडाची लांब पट्टी. जखमेला बांधायची तीच, कपाळाला बांधायची ती पण, पट्टराणीतला पट्ट तोच. शिपाई पट्टा घालायचा म्हणून पट्टेवाला. 'पट्टेरी'तलं शेपूट सोनेरी-रुपेरीतलं आहे, आणि 'दार' आलं फारसीतनं, म्हणजे बाळगणारा. आता वाघाच्या अंगावर कापड कुठलं, पण पट्टीसारखी रेघ दिसली की तिलाच पट्टा म्हणायला लागले लोक. आम्ही मागावर पट्टाच म्हणतो, उभा पाहिजे असंल तर ताणा, म्हणजे उभे दोरे, भरतानाच रंगीत लावायचे, आडवा असंल तर बाण्याचा, म्हणजे आडव्या दोऱ्याचा, रंग बदलायचा. पोरगी बरोबर आहे आणि दुकानदार पण. बोलताना तर आपण पट्ट्यापट्ट्याची चादर म्हणून मोकळे होतो.

हुरडापार्टी:
आमच्या घरी कन्नड, आम्ही वाघाला पट्टे हुली म्हणतो, पट्टे म्हणजे पट्टाच. शेजारी तेलुगू, त्यांच्यात पट्टू म्हणजे रेशीम. ते कसं काय?

मागावरचा:
संस्कृतात पट्ट म्हणजे रेशमी वस्त्र पण होतं. मराठीत 'पाटाव' ऐकलंय का, रेशमी वस्त्र, त्याच कुळातलं.

नान्नजचा माळ:
मला वेगळाच प्रश्न पडतो, झेब्र्याला कोण पट्टेरी झेब्रा म्हणत नाही, मग वाघालाच का चिकटलं? माझ्या मते कारण साधं आहे, गावाकडं बिबट्याला पण वाघच म्हणतात, मग खरा कुठला ते सांगायला पट्टेरी जोडावं लागतं. तरसाच्या अंगावर पण पट्टे असतात, पण आपल्याकडं तरस एकाच जातीचं, त्यामुळं नुसतं 'तरस' म्हणलं तरी भागतं. पुस्तकात तेवढं 'पट्टेरी तरस' लिहितात.

मागावरचा:
हे पटलं लका. जाता जाता, 'पाटील' पण जुन्या 'पट्टकील'वरनं आलाय, तिथं पट्ट म्हणजे जमिनीचा लेखी पट्टा.

शेंगाचटणी:
सासरे पाटील आहेत आमचे, वाघाच्या भावकीतले निघाले म्हणून सांगितलं तर चार दिवस मिशी खाली येणार नाही. चादर शेवटी चौकड्याचीच घेतली.