मदत हवी आहे: १/७२ हरिकेनचा जुना किट घ्यावा का?

बोरीकाठ (अमळनेर):
जाणकारांनी सल्ला द्यावा. हॉकर हरिकेन मार्क २सी या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचा १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा) प्लॅस्टिक मॉडेलचा किट जळगावात एकाकडे विकायला आहे, ९०० रुपये सांगतो. खोका फाटलेला, भाग स्प्रूवरच (ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावरच) आहेत. १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांची भारतीय हवाई दलाची एक नंबर स्क्वॉड्रन हरिकेन उडवत होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्या काळातले विमान करायचे आहे. पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) उठावाच्या आहेत, पंखाचा खालचा एकसंध भाग वाकलाय, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) पिवळे, कॅनोपीवर (कॉकपिटच्या काचेवर) ओरखडे. यातले काय सुधारते आणि कशावरून किट सोडून द्यावा?

पांझरा (धुळे):
भाऊ, आधी आकार तपासा. ओरखडे, डेकल, वाक हे सगळे निस्तरता येते, चुकीचा आकार नाही. जाताना व्हर्नियर न्या. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर, ७२ ने भागले की १६९ मिमी. पंख हाताने सपाट धरून मोजा. मिलिमीटरभर इकडेतिकडे चालेल, चार-पाच मिमी कमी भरला तर उठून या.

खोक्यावर २सी लिहिलंय म्हणून आत २सीच असेल असे समजू नका. २सीच्या प्रत्येक पंखातून २० मिमीच्या दोन तोफा पुढे आलेल्या असतात आणि त्यांच्यावर पंखाच्या पाठीला फुगवटे असतात. नुसती भोके दिसली तर तो मशीनगनचा पंख: मार्क १ ला एकूण आठ, २बीला बारा. मार्क २ चे नाक मार्क १ पेक्षा थोडे लांब असते.

वाकलेल्या पंखाचे टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलेला किट वाकतोच. हात जेमतेम सहन करेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, हळूहळू सरळ करा, तसाच धरून गार पाण्यात घाला. उकळते पाणी नको, पातळ कडा कायमच्या आकसतात. सरळ करताना एक लक्षात ठेवा: हरिकेनचा मधला पंख सपाट आणि फक्त बाहेरचे भाग साडेतीन अंश वर चढलेले. सगळाच पंख पट्टीसारखा सरळ केलात तर विमान बिघडले.

वाघूर (भुसावळ):
पांझरादादांशी सहमत. उठावाच्या रेषांपायी किट सोडू नका, आणि सगळ्या रेषा नव्याने कोरायच्या भानगडीतही पडू नका. जोड घासताना जिथे रेषा पुसल्या जातील तेवढ्याच कोरा. जाड लेबल टेप चिकटवून तिच्या कडेने सुई तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवायची; एकदाच दाबली तर सुई घसरते. कॉकपिटच्या मागे अजिबात कोरू नका. तिथे खऱ्या विमानात लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेले असते, पत्र्याचे सांधे नसतात. पट्ट्यांचे उंचवटे फार टोकदार वाटले तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने मवाळ करा.

कॅनोपी उजेडात आडवी धरून बघा. वरवरचा ओरखडा २००० चा ओला पेपर आणि नंतर साध्या पांढऱ्या टूथपेस्टने जातो. आरपार तडा असेल तर भाव पाडा, कारण १/७२ ला सुटी कॅनोपी सहज मिळत नाही. बसवताना सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. फेव्हिकॉल पुरते.

बोरीकाठ (अमळनेर):
खूप आभार. डेकल नवीनच घ्यावे लागतील का?

वाघूर (भुसावळ):
या विमानासाठी खोक्यातली राउंडेल (पंखांवर-धडावर असलेली हवाई दलाची गोल चिन्हे) बहुतेक कामाचीच नाहीत. युरोपातल्या राउंडेलमध्ये लाल असतो. इकडे जपानी लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून लाल काढला होता; बाहेर गडद निळा आणि आत फिका निळा. मास्किंग टेपमधून गोल कापून रंगवा, फिक्यासाठी निळ्यात पांढरा मिसळा. पंख-शेपटीवरचे पांढरे पट्टे १९४५ चे, ते देऊ नका.

बारीक अक्षरांचे डेकल वापरायचे असतील तर आधी एक बिनकामाचे पाण्यात टाका. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर क्लिअर लॅकरचा हात द्या आणि प्रत्येक डेकल कडेने कापून घ्या. खाली रंग चकचकीत हवा. मॅटवर हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी डाग दिसतात. पाणी बोअरचे नको, वाळल्यावर क्षार उमटतात. बॅटरीत भरायचे डिस्टिल्ड पाणी घ्या.

पांझरा (धुळे):
एक राहिले. लॅकर मारताना कूलर बंद ठेवा, ओलसर हवेने थर दुधाळ होतो. दुपारी ॲक्रिलिक एअरब्रशच्या टोकाशीच सुकतो, म्हणून पहाटे फवारा. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर धडाचे दोन्ही अर्धे व पंख रबरबँडने जुळवून बघा, त्यासाठी थोडेच भाग कापावे लागतात. पंखाच्या मुळाशी पोस्टकार्ड जाईल एवढी फट पुटीने भरते. त्याहून मोठी असेल तर प्लॅस्टिकची पट्टी घालावी लागते, मग ६०० रुपयांच्या वर देऊ नका.