मदत हवी आहे: सेडानचं वजन अजून कुठून उतरवू? जरा लवकर सांगा

सुसाट_सेडान
गाडीचं वजन कमी करायचंय. कार्बनचं बॉनेट घेऊ, सायलेन्सर बदलू की काचा बदलू? कशाने सगळ्यात जास्त फरक पडेल तेवढंच सांगा, ट्रॅक डे (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) जवळ आलाय आणि ऑर्डर आजच टाकायचीय. इंजिनला हात लावणार नाही, वॉरंटी आहे. आणि प्लीज "कशाला उगाच" वगैरे नको.

पाना_दहा
कुठल्या चाकांना ताकद जाते, पुढच्या की मागच्या? गिअर मॅन्युअल की ऑटो? रोज चालवतोस की फक्त ट्रॅकवर? आत्तापर्यंत काय काय काढलंयस? यातलं एकही लिहिलेलं नाही, मग आम्ही सांगायचं काय.

सुसाट_सेडान
दोन लिटर टर्बो, २५० एचपी, कागदावर वजन १५०० किलो. एवढ्यावर सांगता येईल की.

अलॉयवेडा
बॉनेट वगैरे सगळं नंतर, आधी चाकं. फोर्ज्ड अलॉय (दाबून घडवलेली हलकी रिम) घे, १९ इंची असतील तर १८ वर ये, ब्रेकचं कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) आत बसतंय ना तेवढं बघ. चाकावरचा १ किलो म्हणजे बॉडीवरचे १० किलो, हे लिहून ठेव. मी बदलली तेव्हा पहिल्या वळणावरच कळलं, स्टीअरिंग इतकं हलकं आणि बोलकं झालं की परत जुनी चाकं लावावीशीच वाटली नाहीत.

गणिती
१० पट हे कुठून आलं? एखादं पातळ कडं घे, सगळं वजन अगदी कडेला, तरी वेग वाढवताना ते जास्तीत जास्त दुप्पट मोजलं जातं, एकदा पुढे ढकलायला आणि एकदा फिरवायला. रिमचं बरंच वजन आतल्या बाजूला असतं त्यामुळे ते दुपटीपेक्षा बरंच कमी भरतं. टायर मात्र दुपटीच्या जवळ जातो, म्हणजे हलका टायर हा रिमपेक्षा चांगला सौदा आहे आणि तो कोणी बघतच नाही.

अलॉयवेडा
गणित ठीक आहे पण गाडीत बसल्यावर जे जाणवतं ते खोटं का? स्प्रिंगखालचं वजन, म्हणजे चाक-टायर-ब्रेकचं, कमी झालं की चाक रस्ता सोडत नाही.

गणिती
ते मान्यच आहे, पण तो वेगळा फायदा झाला. उंचसखल जागेवर पकड टिकते. त्याला पिकअपच्या हिशोबात घालून १० पट म्हणू नका, लोक त्यावर पैसे घालवतात.

टर्बोप्रेमी
१५०० मधले ७५ किलो काढले तर ५ टक्के, म्हणजे पिकअपच्या हिशोबात १३ एचपी वाढल्यासारखं. १३! त्यासाठी अख्खी गाडी सोलायची? रिमॅप कर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदल, एका दुपारचं काम आहे, याच्या कितीतरी पट मिळेल.

सुसाट_सेडान
वॉरंटी म्हणालो ना वर.

पाना_दहा
@टर्बोप्रेमी रिमॅपने गाडी लवकर थांबते का? वळणात जास्त धरते का? वजन कमी केलं की पिकअप, ब्रेक, वळण तिन्हीकडे मिळतं, टायर आणि ब्रेक पॅडही जास्त टिकतात. टायरवर जितका भार कमी तितकी दर किलोमागे पकड जास्त मिळते, हा टायरचा स्वभावच आहे. टॉप स्पीडला मात्र फरक नगण्य, तिथे हवा आडवी येते.

हळूचालक
मला सांगा, स्टेपनी काढून टाकली तर मायलेज किती वाढेल? माझी डिझेल हॅचबॅक आहे.

शिस्तीत_रहा
ट्रॅक डेला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, बाईकचं हेल्मेट घालून जाऊ नका. कारसाठीच्या हेल्मेटचं आतलं कापड आगीला टिकणारं असतं आणि रोल केजच्या (गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा) पाइपवर आपटण्याची चाचणीही झालेली असते. बाईकच्या हेल्मेटची ती चाचणी होत नाही.

सुसाट_सेडान
हेल्मेट आहे. बॉनेटचं कोणी सांगतंय का?? मागची सीट, स्टेपनी, जॅक, डिकीतलं कार्पेट आणि खालची डांबरी शीट आधीच काढलीय, तरी लॅप टाइम उतरत नाहीये. उलट जोरात ब्रेक दाबला की मागचा भाग तरंगतो आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लवकर येतं. म्हणून म्हटलं अजून वजन काढू. मागच्या चाकांना ताकद आहे, ऑटो गिअर, बॅटरी पुढे बॉनेटखाली.

पाना_दहा
अरे हेच तर पहिल्यांदा विचारलं होतं! तू जे काढलंस ते सगळं मागचं आहे. समज कंपनीतून निघताना ५३ टक्के भार पुढे होता, १५०० पैकी ७९५ पुढे आणि ७०५ मागे. मागून ५० किलो गेले की १४५० वर पुढचा हिस्सा पावणेपंचावन्न टक्क्यांवर जातो. त्यात मागची स्प्रिंग मोकळी होऊन बूड वर उचललं गेलं, म्हणजे कॅम्बर आणि टो (चाकांचा कल आणि रोख) पण हलले. ब्रेक दाबला की भार तसाही पुढे पळतो, मागच्या टायरवर उरतं काय? गाडी हलकी झाली खरी, पण बिघडली पण. यावर उपाय पुढून वजन काढणं हाच, पण मोजून. नंतर अलाइनमेंट केलंस का?

सुसाट_सेडान
नाही केलं. वजन कमी केल्यावर पण करावं लागतं?

पाना_दहा
हो. चार चाकांखाली चार वजनकाटे लावून वजन करून घे, तू सीटवर बसलेला आणि टाकीत जेवढं पेट्रोल घेऊन ट्रॅकवर उतरतोस तेवढंच. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, ४० लिटर म्हणजे ३० किलो. बहुतेक सेडानमध्ये टाकी मागच्या सीटखाली असते, त्यामुळे पेट्रोल संपत जाईल तसं मागचं अजून हलकं होणार, हे पण धर. नंतर उंची आणि अलाइनमेंट.

गणिती
बॉनेटला चुंबक लावून बघ. चिकटलं नाही तर अॅल्युमिनियमचं आहे, मग कार्बनने मोजकेच किलो वाचतील. तुझ्याकडे पुढचं सोपं वजन म्हणजे बॅटरी. साधी लेड अॅसिडची १५-२० किलो भरते, लिथियमची त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात येते. पण ती कारसाठीचीच आणि आत स्वतःचं संरक्षण सर्किट असलेली घे. इंजिनच्या उष्णतेत आयुष्य कमी होतं, कडक थंडीत स्टार्टला आणि चार्जिंगला त्रास देते. नाहीतर जुनीच बॅटरी डिकीत ने, वजन तेवढंच राहील पण बरोब्बर जागी जाईल, फक्त जाड केबल आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा, यात काटकसर नको.

टर्बोप्रेमी
एसी काढ मग. कॉम्प्रेसर, कंडेन्सर सगळं पुढेच आहे.

शिस्तीत_रहा
एसी काढून पावसात काचेवर वाफ धरली की वळण दिसेल का? आणि गॅस मशिनने काढून घ्यावा लागतो, हवेत सोडायचा नसतो. अजून एक, पुढच्या सीट काढून बकेट सीट लावायचा विचार असेल तर आधी थांबा. सीटच्या कडेला एअरबॅग असते, बॅटरी सोडवून वाट बघितल्याशिवाय तिचा कनेक्टर हलवायचा नाही. रोल केज नसताना चार-पाच पट्ट्यांचा हार्नेस बांधला की गाडी उलटली तर माणूस सरळ अडकून बसतो, वाकायला जागाच नाही. बंपरमागचा लोखंडी बीम आणि दाराच्या आतल्या पट्ट्या हे वजन नाही, तो तुमचा जीव आहे. काचांचं म्हणाल तर पॉलिकार्बोनेट साधारण निम्म्या वजनाचं असतं पण ओरखडे धरतं आणि रस्त्यावरच्या गाडीत चालेल का हे तुमच्याकडच्या नियमांत बघा.

अलॉयवेडा
बीएमडब्ल्यूने २००३ मध्ये एम३ सीएसएल काढली, ११० किलो हलकी. छत कार्बनचं, मागची काच पातळ, पण त्याबरोबर स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि टायर पण बदलले. नुसतं काढून थांबले नाहीत. म्हणूनच म्हणतो चाकं आणि टायर.

गणिती
या वेळी टायरशी सहमत.

सुसाट_सेडान
चुंबक लावलं, चिकटत नाही. बॉनेट कॅन्सल. चार काटेवाला शोधतो आधी. डिकीत बॅटरी न्यायची तर केबल किती जाडीची लागेल, कोणी केलंय का?

हळूचालक
स्टेपनीचं राहिलंच.