सॉलिड स्टेट हेडफोन अँप: महागडा घ्यायचा की आधी जोडी जुळवायची? (इंदूरकरांसाठी)

पलासियाकर
माझं मत: अँपवर, म्हणजे हेडफोनला लागणारी ताकद देणाऱ्या यंत्रावर, जास्त पैसे घालू नयेत. आउटपुट इंपीडन्स (अँपचा स्वतःचा अंतर्गत विरोध) 1 ओहमच्या आत असेल, खरखर नसेल आणि व्होल्टेज पुरत असेल, तर दोन सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) अँपांत कानाला फरक कळत नाही. सेनहायझर एचडी 650 हेडफोनचंच बघा. 1 व्होल्टला 103 डेसिबल, म्हणजे 110 डेसिबलला 2.24 व्होल्ट, जेमतेम 17 मिलिवॉट. मग 2 वॉटचा अँप कशाला? ते पैसे हेडफोनवर घाला.

खरज_षड्ज
गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. आपल्याकडे कितीतरी जण स्पीकर चालवणाऱ्या जुन्या रिसीव्हरच्या जॅकलाच हेडफोन लावतात. तिथे बहुतेक वेळा स्पीकरच्या आउटपुटला 120 ते 470 ओहमचा रेझिस्टर लावून काम भागवलेलं असतं. एचडी 650 वर इंपीडन्स 300 ओहम लिहिलेला असला, तरी 80 ते 100 हर्ट्‌झपाशी तो 500 च्या आसपास जातो. 120 ओहममधून चालवला की तिथे हेडफोनला व्होल्टेजचा वाटा जास्त मिळतो आणि साधारण 1 डेसिबलचा उठाव येतो. डग्गा नेमका याच पट्ट्यात. अमीर खाँसाहेबांच्या विलंबित झूमरा तालात डग्ग्याची घुमक फुगते आणि लोक त्याला अँपचा गोडवा म्हणतात. फरक नाही कसं म्हणता?

पलासियाकर
अहो, तो फरक इंपीडन्सचा आहे, घरबसल्या मोजता येतो. 300 हर्ट्‌झचा सूर लावा, जॅक मोकळा ठेवून मल्टिमीटरवर 0.300 व्होल्ट आणा, मग 33 ओहमचा रेझिस्टर जोडा. 0.230 वर उतरला तर आउटपुट इंपीडन्स 10 ओहम. सूर 1 किलोहर्ट्‌झचा नको, स्वस्त मीटर तिथे खोटं दाखवतात.

सियागंज_सर्किट
दोघेही गेन, म्हणजे अँप सिग्नल किती पट वाढवतो ते, विसरलात. 2011 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं ओ2 हे हेडफोन अँपचं सर्किट घ्या. त्यात गेनचा टप्पा व्हॉल्यूमच्या आधी येतो. डॅक (डिजिटल आवाजाचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) 2 व्होल्ट देत असेल आणि गेन 6.5 पट ठेवलात, तर 13 व्होल्ट मागितले जातात. सर्किट 7 व्होल्टच्या आसपासच सिग्नलची टोकं कापतं. नॉब कितीही खाली ठेवा, आवाज फाटलेलाच. 2.5 पट ठेवा, 5 व्होल्ट होतात, काम झालं. शिवाय गेन जास्त असला की नॉब अगदी तळाशी राहतो आणि स्वस्त पॉटमध्ये (नॉबमागच्या व्हॉल्यूमच्या भागात) तिथे डावा-उजवा आवाज सारखा येत नाही.

आणि 17 मिलिवॉटचा हिशोब सगळीकडे लावू नका. हायफायमॅन एचई6 हा प्लॅनर (सपाट पडद्याचा) हेडफोन 50 ओहमचा, 1 मिलिवॉटला 83.5 डेसिबल. 110 ला साडेचारशे मिलिवॉट, जवळपास 95 मिलिअँपिअर. तिथे 2 वॉटचा अँप उधळपट्टी नाही.

खरज_षड्ज
हे मान्य. प्लॅनरचा इंपीडन्स जवळपास सपाट असतो, तिथे माझा डग्ग्याचा मुद्दा गळतो. पण ऐकून तुलना करायची तर दोन्ही अँपांची पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळवा, म्हणजे 1.000 व्होल्टला फार तर 1.012. तीही हेडफोन जोडलेला असताना. थोडा मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. दुकानातल्या तुलना इथेच फसतात.

सियागंज_सर्किट
लॅपटॉपचा चार्जर लावला की गुणगुण येते म्हणून अँप बदलणाऱ्यांना एवढंच: आधी चार्जर काढून बघा. थांबली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जमिनीच्या तारांतून फिरणारा नको असलेला प्रवाह. डॅकला ऑप्टिकल केबलने सिग्नल द्या. आणि बॅलन्स्ड (डाव्या-उजव्याच्या निगेटिव्ह तारा वेगळ्या ठेवणाऱ्या) 4.4 मिलिमीटरच्या जॅकला 3.5 चा साधा प्लग अडॅप्टरने लावू नका. दोन्ही निगेटिव्ह एकमेकांवर शॉर्ट होतात, आउटपुट स्टेज जळू शकते.