बाबा सीपॅप मशीन नको म्हणतायत, दुसरा उपाय आहे का?

नाशिककर७:
बाबा ६२ वर्षांचे. घोरणं तर जुनंच आहे, पण आता मधेच श्वास थांबतो आणि मग दचकून उठतात, आईला रात्रभर झोप नाही. स्लीप स्टडीत स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) निघाला, एएचआय ३८ आला. डॉक्टर सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) म्हणतायत, बाबांचं एकच, तोंडावर मास्क लावून मी झोपणार नाही. ऑपरेशनने सुटेल का हे?

रातराणी:
३८ म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडतोय किंवा उथळ होतोय, ३० च्या वर सिव्हिअर धरतात, त्यामुळे प्लीज सीपॅप टाळू नका. आमच्या ह्यांनाही आधी गुदमरल्यासारखं व्हायचं, मग फक्त नाकावरचा मास्क घेतला, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा) लावला, आणि रॅम्प सेटिंग असतं त्यात दाब हळूहळू वाढतो. आधी दिवसा टीव्ही बघताना लावायची सवय करा.

सह्याद्री_पुणे:
ऑपरेशनचं ईएनटीला विचारा, टॉन्सिल खूप मोठे असतील तर फरक पडतो, पण टाळूचं ऑपरेशन सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. खालचा जबडा पुढे धरणारं डेंटल डिव्हाइसही मिळतं, ते मुख्यतः माइल्ड-मॉडरेटला. वजन कमी करा, कुशीवर झोपवा, रात्रीची दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. बीपी आहे का त्यांना?

नाशिककर७:
हो, दोन गोळ्या चालू आहेत तरी वरच असतं.

सह्याद्री_पुणे:
मग तर अजिबात थांबू नका, अ‍ॅप्नियामुळेही बीपी आटोक्यात येत नाही. मशीन आधी भाड्याने घेऊन बघा.