मदत हवी आहे : रसायनशास्त्राची पदवी तीन वर्षांत घेऊन बाहेर पडावे की चौथे वर्ष करावे?

नमस्कार,

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रवेश 2024-25 चा, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा. पाचव्या सत्राची परीक्षा नुकतीच संपली असून दर सत्राच्या 22 प्रमाणे माझे 110 श्रेयांक होतील. 132 झाले की तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येते आणि आणखी एक वर्ष थांबून 176 केले की ऑनर्स पदवी मिळते. या दोहोंतून एक निवडायचे आहे, आणि तेही सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपण्याच्या आत.

यात्रेची मुदत मी घातलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी चिंचोळी एमआयडीसीतल्या, औषधांना लागणारी रसायने बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत दिली आणि माझी निवड झाली. जूनपासून ट्रेनी केमिस्ट म्हणून रुजू व्हायचे, महिना 14,000 हातात, बाळे येथून कंपनीची बस. तिथल्या साहेबांनी स्पष्टच सांगितले की, गड्डा उरकेपर्यंत कळवा, त्यानंतर जागा धरून ठेवता येणार नाही.

त्या मुलाखतीतला एक प्रसंग मनातून जात नाही. मला प्रयोगशाळेत नेऊन त्यांनी एचपीएलसीच्या, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर उभे केले आणि विचारले, "यातला कॉलम कुठला, दाखवा." माझ्या वहीत या यंत्राची आकृती आहे, पंप, कॉलम, डिटेक्टर सगळे बाणांनी जोडलेले आहे आणि त्यावर मला दहापैकी नऊ गुणही मिळाले आहेत. समोर मात्र एकावर एक रचलेले राखाडी डबे होते आणि मला बोट ठेवता आले नाही. शेवटी त्यांनीच एक झाकण उघडून पेन्सिलीएवढी स्टीलची नळी दाखवली. आमच्या महाविद्यालयात हे यंत्र नाही, चार जणांत एक ब्युरेट असते. ऑनर्सचे चौथे वर्ष याच प्रयोगशाळेत करायचे असेल, तर त्यातून हाती काय लागेल, असा प्रश्न तेव्हापासून पडला आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मला एम.एस्सी. करायची आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर ती दोन वर्षांची आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाची, म्हणजे कोणत्याही वाटेने पाचच वर्षे लागणार. चौथे वर्ष घरी राहून झाले तर बाहेरगावचा खोलीचा आणि मेसचा एका वर्षाचा खर्च वाचतो, ही लहान गोष्ट नाही. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत 7.5 सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) लागतो. चार सत्रांनंतर माझा 7.3 आहे, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सत्रांत मिळून 7.9 ची सरासरी पडली तरच तो दरवाजा उघडेल. पाचव्याचा इनऑरगॅनिकचा पेपर आठवला की मी ती आशा फारशी धरत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये वेगवर्धित पदवीची योजना मान्य केली, तिच्यात तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत घेता येते. पण त्यासाठी पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीच निवड व्हावी लागते. मला ते कळले तेव्हा मी चौथ्या सत्रात होतो. तो विषय तिथेच संपला.

वडील अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, धाकटी बहीण बारावीला आहे. वडिलांनी एकच विचारले, "तीन वर्षांनी पदवी मिळते म्हणतोस ना? मग चौथं वर्ष कशाचं?" मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. काकांचा आग्रह राज्यसेवेचा आहे. त्यासाठी तीन वर्षांची पदवी पुरते, पण माझा तो कल नाही.

औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारायचे आहे की, भरती आणि बढतीच्या वेळी ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला काही वजन मिळते का? आणि दोन-तीन वर्षे नोकरी करून कोणी पुन्हा एम.एस्सी.कडे वळले असेल, तर तो अनुभव जरूर लिहावा.

प्रतिसाद :

मी याच क्षेत्रात आहे, तेव्हा एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. औषध नियमांत उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसाची जी पात्रता दिली आहे, तिच्यात रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधर आणि पदवीनंतर औषध उत्पादनातला किमान तीन वर्षांचा अनुभव, असे आहे. तिथे ऑनर्सचा उल्लेख नाही. आमच्याकडे ज्याला 'अप्रूव्हड केमिस्ट' म्हणतात तो याच वाटेने होतो, आणि ती तीन वर्षे पदवी हातात पडल्यावरच मोजायला लागतात. मात्र अनुभव उत्पादनातला हवा. तुमची नेमणूक क्यूसीत (गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत) आहे की प्रॉडक्शनमध्ये, हे होकार देण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. क्यूसी असेल तर एचपीएलसी हाताला बसेल, ते कमी नाही. पण पुढे एम.एस्सी.वाले वरच्या जागांवर बसतात, हेही मी पाहिले आहे. एम.एस्सी. नक्की करायचीच असेल, तर चौथ्या वर्षाचा विचार तुमचे महाविद्यालय ते वर्ष खरोखर सुरू करणार आहे याची खात्री झाल्यावरच करा. पुरेशी मुले नाहीत म्हणून ऐन जूनमध्ये वर्ग रद्द झाला, तर नोकरीही गेलेली असेल.

मूळ धागाकर्ता :

आभारी आहे, सर. नेमणूक कुठल्या विभागात, हे मी विचारलेच नव्हते. प्रयोगशाळा दाखवली म्हणून क्यूसी असेल असे गृहीत धरले. आज ईमेल पाठवला आहे. विभागप्रमुखांना सोमवारी भेटून चौथ्या वर्षासाठी किती जणांनी नावे दिली आहेत ते विचारतो. आमच्या वर्गातल्या सव्वीस जणांपैकी मला माहीत असलेली नावे सध्या तीन आहेत, आणि त्यात एक माझे आहे.